२,१६,८१८ माणसं आणि एक चेंडू

३ फेब्रुवारी २०१८, शनिवार. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या स्कॉट्सडेल शहरात त्या एका दिवसात २,१६,८१८ माणसं गोल्फ पाहायला आली. दोन वर्षांनी झालेल्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या भरली २,४१,३६१. म्हणजे जवळजवळ गावाएवढंच दुसरं गाव सकाळी पाहुणं म्हणून आलं आणि संध्याकाळी परत गेलं. आपल्या वानखेडेवर ३३ हजारांच्या आसपास माणसं बसतात. अशी साडेसहा वानखेडे खच्चून भरली, तर त्या शनिवारची गर्दी मावेल.

हा एका दिवसाचा हिशेब झाला. ‘वेस्ट मॅनेजमेंट फिनिक्स ओपन’ या स्पर्धेच्या त्या संपूर्ण आठवड्यात ७,१९,१७९ लोकांनी हजेरी लावली. जगातली सर्वांत जुनी मोठी गोल्फ स्पर्धा म्हणजे ब्रिटिश ओपन. २०२२ साली स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला तिचा दीडशेवा सोहळा झाला, तेव्हा विक्रमी गर्दी झाली ती २ लाख ९० हजारांची, तीही सगळा आठवडा धरून. त्या विक्रमाच्या अडीचपट माणसं फिनिक्सजवळच्या वाळवंटात जमली होती.

दुसऱ्या एखाद्या खेळाबद्दल हे आकडे वाचले असते तर मी मान डोलावून पुढे गेलो असतो. पण हा गोल्फ आहे. इथे खेळाडू फटक्यासाठी उभा राहिला की कडेला उभे असलेले स्वयंसेवक दोन्ही हात वर करतात आणि आजूबाजूचे लोक बोलता बोलता गप्प होतात. ऐन वेळी कुणी खोकलं, कॅमेऱ्याचा खटका वाजला, तर खेळाडू चेंडूपासून बाजूला होतो आणि पुन्हा पहिल्यापासून तयारी करतो. ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेत प्रेक्षकांना आत मोबाइल नेता येत नाही, पळतासुद्धा येत नाही.

शिवाय पाहायचं ते काय? चेंडूचा व्यास ४३ मिलिमीटरपेक्षाही कणभर कमी. ज्यात तो जायचा ते छिद्र १०८ मिलिमीटरचं. फटका मारल्यावर चेंडू कितीतरी वेळा डोळ्यांना दिसतही नाही. दिसतात ती वर वळलेली माणसांची तोंडं. खेळ एकाच वेळी अठरा ठिकाणी चाललेला असतो, त्यामुळे तिकीट काढून आलेल्या माणसाला सामन्याचा फार तर अठरावा हिस्सा दिसतो. घरी टीव्हीसमोर बसलेल्याला याच्या कितीतरी पट अधिक दिसतं.

जागेचा हिशेब करून पाहा. अठरा होलच्या मैदानाला साधारण दीडशे ते दोनशे एकर जमीन लागते. सढळ हाताने दोनशे एकर धरू. २,१६,८१८ माणसं एकाच वेळी आत आहेत असं मानलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस चौरस फूट येतात, म्हणजे शेजारी शेजारी टाकलेल्या दोन खाटांएवढी जागा. पण खेळायची पट्टी दोऱ्या लावून बंद केलेली असते, तळी असतात, वाळूचे खड्डे असतात, काटेरी निवडुंगाचं रान असतं. ते सगळं वजा केलं की उरते एक खाट. सगळे एकदम आत नसतात, सकाळचे काही दुपारी निघून जातात, हे खरं. म्हणून तर चालायला वाट मिळते.

ही माणसं मुख्यतः एकाच ठिकाणी जायला निघालेली असतात, ते म्हणजे सोळावा होल. नकाशात तो अगदी साधा आहे. पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा, जेमतेम १६३ यार्डांचा, दीडशे मीटरसुद्धा नाही. व्यावसायिक खेळाडूला एका फटक्यात ग्रीनवर, म्हणजे छिद्राभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर पोहोचवणारा. पण याच होलभोवती दरवर्षी तीन मजली प्रेक्षागृह उभं करतात. टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, ग्रीनपर्यंत चारी बाजूंनी बंद, सतरा ते वीस हजार माणसं सामावणारं. खेळाडू बोगद्यातून आत येतो आणि समोर स्टेडियम उघडतं. हे सगळं बांधकाम तात्पुरतं असतं. पावसाळा संपला की आपल्याकडे दिवाळीची चाहूल लागते, त्या सुमारास तिकडे लोखंडी सांगाडा चढायला लागतो. फेब्रुवारीत स्पर्धा झाली की तो उतरवतात. आठवडाभराच्या वापरासाठी काही महिन्यांची मेहनत. वरच्या मजल्यांवर कंपन्यांनी घेतलेल्या खोल्या असतात. साध्या तिकिटावर बसायला मोजक्या जागा, म्हणून लोक पहाटेच्या अंधारात फाटकापाशी रांग धरतात आणि फाटक उघडलं की जीव खाऊन पळत सुटतात. ऑगस्टाच्या मैदानावर मनाई असलेलं पळणं इथे दिवसाचा पहिला कार्यक्रम असतो.

आत बसल्यावर हे लोक गप्प बसत नाहीत. गाणी म्हणतात, खेळाडूच्या कॉलेजचं नाव घेऊन चिडवतात, चेंडू ग्रीनवर थांबला तर छत उडेल असा जल्लोष करतात आणि चुकला तर हुर्यो उडवतात. हुर्यो खाणारा जगातला पहिल्या पाचातला असला तरी त्याला सूट मिळत नाही. पूर्वी खेळाडूंचे कॅडी, म्हणजे त्यांची काठ्यांची पिशवी वाहणारे मदतनीस, टीपासून ग्रीनपर्यंत शर्यत लावायचे आणि प्रेक्षक त्यावर पैजा मारायचे. कुणाला इजा होईल या भीतीने २०१३ साली ती बंद केली. खेळाडू हे सहन कसं करतात, याचं उत्तर त्यांच्यापैकी अनेकांनी दिलंय आणि ते मला पटतं: सतत चाललेल्या गोंगाटाचा त्रास होत नाही, शांततेत अचानक उठलेल्या एका आवाजाचा होतो. समुद्राची गाज झोपमोड करत नाही, नळाचा एक थेंब करतो. वीस हजार माणसांचा गलका एका पातळीला गेला की त्याची गाज होते.

आता दुसरा हिशेब. टी-वरून मारलेला चेंडू थेट छिद्रात गेला तर तो होल-इन-वन. व्यावसायिक खेळाडूच्या बाबतीत ही शक्यता ढोबळमानाने अडीच हजारांत एक अशी सांगतात. स्पर्धेत १३२ खेळाडू धरले, पहिले दोन दिवस सगळे खेळले आणि नंतर साधारण सत्तर उरले, तर चार दिवसांत सोळाव्या होलवर चारशेच्या घरात फटके मारले जातात. म्हणजे सहा-सव्वासहा वर्षांतून एकदा हे भाग्य लाभावं. इटलीच्या फ्रान्चेस्को मोलिनारीने २०१५ साली ते साधलं. मग एक वर्ष गेलं, दोन गेली, सात गेली. दरवर्षी माणसं पहाटे पळत येत राहिली आणि संध्याकाळी तशीच परतत राहिली.

१२ फेब्रुवारी २०२२, पुन्हा शनिवार. सॅम रायडर नावाचा खेळाडू टी-वर उभा राहिला. अंतर १२४ यार्ड, हातात ५४ अंशांची वेज ही काठी. चेंडू उंच गेला, ग्रीनवर टेकला, सरपटत छिद्राकडे वळला. तो वेग कमी होत जाणारा शेवटचा टप्पा चित्रफितीत मी कितीदा तरी पाहिला आहे. चेंडू छिद्राजवळ येतो तसा लोकांचा आवाज चढत जातो, चेंडू दिसेनासा होतो आणि पुढच्या क्षणी आकाशच बदलतं. चारी बाजूंनी, तिन्ही मजल्यांवरून बिअरचे डबे, बाटल्या, पेले उडतात. उन्हात त्यांतून फेसाळ तुषार उडत असतात, ग्रीनभर, वाळूच्या खड्ड्यात, खेळाडूंच्या आसपास डबे आदळत असतात. सात वर्षं साठवलेलं सगळं एकदम सुटतं. खेळ थांबवावा लागला. माणसं पोती घेऊन धावली, एकेक डबा वेचला, तेव्हा कुठे पुढच्या गटाला खेळता आलं.

सात वर्षांत एक. आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मेक्सिकोच्या कार्लोस ऑर्टिझने त्याच होलवर, १७८ यार्डांवरून, पुन्हा तेच केलं. पुन्हा डब्यांचा पाऊस.

या वेडाची सुरुवात बहुतेक लोक २५ जानेवारी १९९७ या तारखेपाशी नेतात. त्या दिवशी २१ वर्षांच्या टायगर वुड्सने नाइन आयर्न या काठीने इथे होल-इन-वन मारला. तेव्हा तीन मजले नव्हते, उतारावर बसलेले लोक होते. पण त्या दिवशीचा तो आवाज ऐकलेली माणसं पुढच्या वर्षी चार जणांना घेऊन आली असणार, याबद्दल मला शंका नाही. दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, तेराव्या होलवर वुड्सचा चेंडू एका दगडामागे अडकला. दगड साधासुधा नव्हे, वजन साडेचारशे किलोच्या आसपास. सुटा दगड हलवता येतो असा नियम. पण किती मोठा, हे नियमात लिहिलेलं नव्हतं. पंचांनी तो सुटा ठरवला आणि दोरीबाहेरचे दहा-बारा प्रेक्षक आत येऊन खांदा लावायला लागले. दगड बाजूला झाला, वुड्सने बर्डी मिळवली, म्हणजे पारपेक्षा एका फटक्याने कमीत होल संपवला. कुठल्याही खेळात प्रेक्षकांनी खेळाडूला केलेली याहून वजनदार मदत मला आठवत नाही.

एवढ्या गर्दीचं यजमानपद कुणाकडे, तर ‘थंडरबर्ड्स’ नावाच्या स्थानिक मंडळाकडे. स्थापना १९३७ ची, सक्रिय सदस्य फक्त ५५. त्यांच्या हाताखाली हजारो स्वयंसेवक राबतात आणि अलीकडच्या वर्षांत इथून समाजकार्यासाठी निघणारी रक्कम वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर गेली आहे. कचऱ्याची व्यवस्थाही तेवढीच मोठी. २०१० पासून स्पर्धेच्या नावात कचरा उचलणारी कंपनी आहे, आणि २०१३ पासून इथला कचरा कचराभूमीवर जात नाही: काही पुन्हा वापरतात, काही गाळून नवं करतात, काहीचं खत होतं. लाखो माणसांच्या हातातले पेले आणि ताटल्या वेगळ्या करणं म्हणजे काय, हे ज्याने गावच्या जत्रेनंतरची सकाळ पाहिली आहे त्याला सांगायला नको.

२०१८ चा तो विक्रम झाला आणि पुढच्याच वर्षापासून आयोजकांनी प्रेक्षकांचा आकडा जाहीर करणं बंद केलं. त्यामुळे त्यानंतरच्या गर्दीबद्दल बोलताना हाती फक्त इतर खुणा राहतात.

त्यांतली सर्वांत ठळक खूण १० फेब्रुवारी २०२४ ची. आठवड्याच्या सुरुवातीला वाळवंटात पाऊस पडला. एरवी हजारो लोक ज्या गवताळ उतारांवर पसरून बसतात ते चिखलाने निसरडे झाले. माणसं तेवढीच, उभं राहायची जागा मात्र घटली. सगळे पक्क्या वाटांवर आले आणि वाटा तुंबल्या. मघाशी आपण प्रत्येकाला एक खाट दिली होती, त्यातलीही अर्धी पावसाने काढून घेतली. अखेर दुपारी फाटकं बंद करावी लागली, तिकीट हातात असलेले लोक बाहेर अडकले, दारूची विक्रीही थांबवली. त्या आठवड्यात सोळाव्या होलवर एक बाई प्रेक्षागृहातून खाली पडली. झॅक जॉन्सन आणि बिली हॉर्शेल यांच्यासारखे मुरलेले खेळाडू प्रेक्षकांवर भडकले. आदल्या वर्षी पोलिसांनी १८ जणांना अटक केली होती आणि १०२ जणांना बाहेर काढलं होतं. २०२४ मध्ये हे आकडे ५४ आणि २११ झाले. प्रमाण काढायला जावं तर छेदच नाही, कारण आत एकूण किती माणसं होती हे कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी आयोजकांनी प्रवेशाची आणि वाटांची रचना बदलली.

तरीही गर्दीचा आकारच वाईट, असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळ बेथपेजला अमेरिका आणि युरोप या संघांमधला रायडर कप झाला. रोज साधारण ५० हजार प्रेक्षक, म्हणजे स्कॉट्सडेलच्या त्या शनिवारच्या चौथाईपेक्षाही कमी. तिथे युरोपच्या रोरी मॅकिलरॉयला लोकांनी दिवसभर घाणेरड्या शिव्या घातल्या, तो चेंडूवर वाकलेला असताना घातल्या. त्याच्या पत्नीला भिरकावलेल्या पेल्याचा मार बसला. लोकांना आवरायचं सोडून शिवीगाळीत सामील झालेल्या निवेदिकेला काम सोडावं लागलं. मला हे वाचून चीड आली होती, अजूनही येते. फटका चुकला म्हणून हुर्यो उडवणं आणि एका माणसाला घरच्यांसकट जखमी करायला निघणं, यांत माणसांच्या संख्येचा संबंध नाही. पन्नास हजारांत जे झालं ते पन्नासांतही होऊ शकतं.

सोळाव्या होलची माझी आवडती गोष्ट २०१९ ची आहे, आकडा न सांगण्याचं पहिलं वर्ष. सरावाचा दिवस होता. ॲमी बॉकरस्टेट ही डाउन सिंड्रोम असलेली कॉलेजची खेळाडू तिथे आली होती आणि गॅरी वुडलँडने तिला आपल्यासोबत एक होल खेळायला बोलावलं. प्रेक्षागृह पूर्ण भरलेलं नव्हतं, पण मोठमोठ्या खेळाडूंचे हात जिथे ओले होतात तीच ही जागा होती आणि भोवती तेच लोक. तिने टी-वरून मारलेला चेंडू ग्रीनच्या कडेच्या बंकरमध्ये गेला. वाळूतून काढायचा म्हणजे अवघड. वुडलँडने विचारलं, मी बाहेर काढून देऊ का? ती नको म्हणाली. वाळूत उतरली आणि एका फटक्यात चेंडू ग्रीनवर आणला. लोक तिच्या नावाचा घोष करायला लागले. तिने हात हलवला.

पारसाठी आता ग्रीनवरचा एकच हलका फटका, म्हणजे एकच ‘पट’, उरला होता, अंतर आठेक फुटांचं. ती चेंडूमागे उभी राहिली, रेषा पाहिली आणि स्वतःशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “जमेल मला.” घोष थांबला. त्या होलवर क्वचितच पडते ती शांतता पडली. चेंडू निघाला, सरळ गेला आणि १०८ मिलिमीटरच्या छिद्रात पडला. नंतर उठलेल्या आवाजात वुडलँडने तिला मिठी मारली, त्या वेळी तो तिच्यापेक्षा जास्त खूश दिसत होता.