उतरायची वेळ आधी बघा

प्रवासाआधी : लेखांक ५

माझं आजोळ चिपळूणचं. नोकरीला लागल्यावर स्वतःच्या पैशाने पहिलं तिकीट काढलं ते कोकणकन्येचं. हिशेब सरळ होता. रात्री अकराच्या सुमाराला सीएसएमटीहून निघायचं, गाडीत झोपायचं आणि एक रजा वाचवायची. पनवेल गेल्यावर कुठे डोळा लागला. अडीचपासून मात्र दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघत होतो, कारण उतरायचं चुकलं तर थेट पुढचं स्टेशन. साडेतीनच्या आगेमागे चिपळूण आलं. बाहेर मामा स्कूटर घेऊन उभा, कानाला मफलर. म्हणाला, "वेळेवर आली हो गाडी तुझी." त्याची स्वतःची झोप दोनलाच मोडली होती. एका तिकिटात दोन माणसांचं जागरण झालं आणि वाचवलेला दिवस दोघांनीही झोपून काढला.

गाडीचा यात काही दोष नव्हता. तीच कोकणकन्या कणकवली-कुडाळच्या माणसाला उजाडल्यावर उतरवते, मडगावच्या माणसाला सकाळचा चहा-नाश्ता उरकल्यावर. त्यांच्यासाठी ती उत्तम रातगाडी आहे. माझ्यासाठी ती मध्यरात्री मोडलेली झोप होती. गेल्या लेखांकात आपण आरक्षण कसं करायचं ते पाहिलं, म्हणजे साठ दिवस आधी उघडणारी खिडकी, वेटिंग, आरएसी वगैरे. या वेळी त्याच्या आधीचा प्रश्न घेऊ. तिकीट काढायचं, पण कुठल्या गाडीचं, कुठल्या वर्गाचं आणि कुठल्या बर्थचं?

आधी घड्याळ

आपण बहुतेक जण गाडी शोधताना सुटायची वेळ बघतो. ऑफिस सुटल्यावर मिळेल ती बरी, असा विचार. रात्रीच्या गाडीत उलटं करावं. आधी उतरायची वेळ बघावी आणि तिथून मागे यावं.

महालक्ष्मी एक्स्प्रेस घ्या. मुंबईहून रात्री आठ-साडेआठला निघते आणि सकाळी सातच्या सुमारास कोल्हापूरला लागते. अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्याला यापेक्षा सोयीची वेळ नाही. पण साताऱ्याच्या माणसाला हीच गाडी रात्री अडीच-तीनला फलाटावर सोडते. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापूरकराची लाडकी. रात्री साडेदहानंतर निघते, सकाळी सोलापूर. कुर्डुवाडीच्या माणसाला मात्र पाचच्या आत उठून चादर घडी करावी लागते. गाडी एकच, पण प्रत्येक स्टेशनासाठी ती वेगळी असते. 'चांगली गाडी कुठली?' या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. 'माझ्या गावाला ती किती वाजता असते?' हे विचारा. उत्तर पहाटे दोन ते पाचच्या मध्ये आलं, तर दुसरी गाडी बघा किंवा दिवसाची घ्या. आणि तुम्हाला न्यायला कोण येणार आहे, हेही त्याच वेळी आठवा.

कोकण रेल्वेवर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. पावसाळ्यात तिथे वेगळं वेळापत्रक लागतं. दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवतात, त्यामुळे जूनमध्ये काढलेल्या तिकिटावर मे महिन्याची वेळ गृहीत धरू नये.

एक खरं उदाहरण

गेल्या महिन्यात ठाण्याच्या मावशीचा फोन आला. नागपूरला पुतणीचं लग्न. जाणार तिघं. मावशी अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघ्यांनी बेजार. सोबत माझी मावसबहीण आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा. "कुठल्या गाडीचं काढू सांग," मावशी म्हणाली. मी विचारलं, "लग्न कधी?" "परवा. आम्ही आदल्या दिवशी पोचणार."

मुंबई ते नागपूर ८३७ किलोमीटर. पर्याय तीन निघाले. सेवाग्राम एक्स्प्रेस दुपारी तीनच्या सुमाराला सुटते आणि नागपूरला भल्या पहाटे नेते. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी सातनंतर सुटते आणि सकाळी नऊच्या आसपास पोचते. दुरांतो रात्री सव्वाआठच्या सुमाराची, मोजके थांबे, सातनंतर नागपूर.

कागदावर दुरांतो सरस. पण ती ठाण्याला थांबत नाही. म्हणजे गुडघे धरून लोकलने किंवा टॅक्सीने सीएसएमटी गाठायची. शिवाय दुरांतोचं भाडं २०१६ पासून चढत्या दराचं आहे. दर दहा टक्के जागा भरल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वाढतं, ठरावीक मर्यादेपर्यंत. उशिरा तिकीट काढणाऱ्याला त्याची झळ बसते. सेवाग्रामने गेलं तर पहाटे तीनपासूनच मावशी उठून बसणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. राहिली विदर्भ. ठाण्याला थांबते, उजेडात उतरवते, आणि तास-दीड तास उशीर झाला तरी लग्न दुसऱ्या दिवशी.

मग डबा

स्लीपर की एसी, हा वाद घरोघरी असतो. त्यात आधी जुनी गोष्ट. १९७७ साली राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. तोवर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात नुसत्या लाकडी फळीवर झोपावं लागे. घरून वळकटी बांधून न्यायची ती त्यासाठीच. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम घालायला लावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. आज स्लीपरच्या निळ्या गादीवर पाठ टेकली की ते दोन इंच आठवावेत. साध्या तिकिटातल्या माणसालाही झोप लागली पाहिजे, हा विचार त्यामागे होता.

स्लीपर अजूनही सर्वांत स्वस्त, आणि थ्री एसीचं भाडं त्याच्या साधारण अडीच पट. जास्तीच्या पैशात थंड हवा तर मिळतेच, पण झोपेच्या दृष्टीने खरा फरक बंद खिडकीचा. आवाज कमी, धूळ नाही, चादर-उशी-ब्लँकेट मिळतं. डिसेंबरात भुसावळच्या पुढे स्लीपरची खिडकी नीट बसत नसेल, तर शाल, स्वेटर आणि चादर मिळूनही पुरत नाही. उलट तरुण मंडळी चौघं-पाचजण मार्चमध्ये निघाली असतील, तर उघडी खिडकी आणि स्टेशनवरचा चहा यांसाठी स्लीपरच बरा. बंद काचेची एक अडचणही सांगतो. रात्री बाहेरची पाटी दिसत नाही, फलाटावरची घोषणा ऐकू येत नाही. मधल्या स्टेशनला उतरणाऱ्याने मोबाइलचा गजर लावलाच पाहिजे, तोही गाडीची प्रत्यक्ष वेळ बघून.

टू एसीमध्ये मधला बर्थ नसतो, म्हणून खालच्या बर्थवर ताठ बसता येतं, पडदाही असतो. फर्स्ट एसीत दोघांची कूपे किंवा चौघांची केबिन. पण तिथे बर्थचा नंबर तिकीट काढताना कळत नाही, चार्ट लागल्यावर कळतो. २०२१ पासून थ्री एसी इकॉनॉमी आली, डब्यावर 'एम' अक्षर असतं. तेवढ्याच लांबीच्या डब्यात जास्त बर्थ बसवलेत, त्यामुळे भाडं थोडं कमी आणि पायाशी जागाही थोडी कमी. उंच माणसाने विचार करून घ्यावी.

मावशीसाठी टू एसी पाहिली, पण तिघांचा खर्च बघून मावशीनेच "एवढ्यात पुतणीला साडी येईल" म्हणून विषय संपवला. थ्री एसी ठरली.

मग बर्थ

इथे थोडं गणित, पण एकदा कळलं की आयुष्यभर पुरतं. स्लीपर आणि थ्री एसीत आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो. आपल्या नंबरला आठने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा. ७ उरली तर साइड लोअर, आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. टू एसीत सहाने भागायचं. १ आणि ३ खालचे, २ आणि ४ वरचे, ५ साइड लोअर, भाग पूर्ण गेला तर साइड अप्पर.

नंबरवरून आणखी एक गोष्ट कळते. पहिल्या आणि शेवटच्या कप्प्यांना लागून संडास आणि दार. रात्रभर माणसं ये-जा करतात, दिवा पडतो, दार आपटतं. शिवाय चाकांच्या बोग्या डब्याच्या दोन्ही टोकांखाली असतात, त्यामुळे टोकाला हादरे जास्त. बहात्तर बर्थच्या डब्यात २५ ते ४८ हे मधले नंबर मिळाले, तर नशीब समजावं.

साइड लोअरबद्दल एक इशारा. दिवसा ती दोन खुर्च्यांची जागा असते, रात्री पाठी खाली पाडून बर्थ होतो, आणि मधली फट कमरेखाली येते. आरएसीचं तिकीट असलेल्या दोघांना हाच बर्थ अर्धा-अर्धा मिळतो. बसून जाता येतं, झोपायचं मात्र राहतं. वेटिंगच्या ई-तिकिटाचं तेवढंही नाही. चार्ट लागेपर्यंत कन्फर्म किंवा आरएसी झालं नाही, तर ते आपोआप रद्द होतं.

मधल्या बर्थचं वेळापत्रक असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. रेल्वेच्या नियमाप्रमाणे झोपायची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. त्याआधी मधला बर्थ उघडून खालच्यांची बसायची जागा अडवता येत नाही, आणि खालच्यालाही इतरांना बसू द्यावं लागतं. म्हणून अकराला सुटणाऱ्या गाडीत सगळे चढल्याबरोबर आडवे होतात, आणि सातला सुटणाऱ्या गाडीत तीन तास गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतं. लहान मूल साडेआठला पेंगायला लागत असेल, तर वरचा बर्थ हाताशी असलेला बरा. तो केव्हाही वापरता येतो.

आता मावशीच्या खालच्या बर्थची गोष्ट. साठीच्या वरचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या वरच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. मेख अशी की तिकिटावर ती व्यक्ती एकटी असेल, किंवा याच वयात बसणारी दोन माणसं असतील, तरच तो लागू होतो. लेक-नातवासोबत एकाच तिकिटात नाव घातलं, की कोट्याचा रस्ता बंद. कुटुंबाच्या काळजीने आपण सगळ्यांची नावं एकत्र भरतो आणि म्हातारं माणूस मधल्या बर्थवर जातं. म्हणून मावशीचं तिकीट वेगळं काढलं. धोका एवढाच की डबा वेगळा येऊ शकतो. तो येऊ नये म्हणून एका तिकिटाचे पैसे भरल्याबरोबर लगेच दुसरं काढलं.

नातू पाच वर्षांचा. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, हवा असेल तर पूर्ण. बहीण म्हणत होती, माझ्याजवळच झोपेल. चौदा तास, जेमतेम दोन फुटांचा बर्थ आणि लाथा मारणारं मूल, हे डोळ्यांसमोर आणून दिल्यावर तिने पूर्ण भाडं भरलं.

हाती आलं ते असं. मावशी बी-३ मध्ये २५. मायलेक त्याच डब्यात २९ आणि ३०. करा भागाकार. मावशी खाली, समोरच्या बाजूला मधला आणि वरचा बर्थ मायलेकांना. कप्पा एकच, तोही डब्याच्या मध्यावरचा. नातवाने चढल्याचढल्या वरच्या बर्थवर हक्क सांगितला. दहा वाजेपर्यंत तो तिथे राहिला, मग झोपेत असतानाच आईने त्याला मधल्यावर उतरवून घेतलं.

आता माझ्या चिपळूणचं सांगतो. गेली काही वर्षं मी तिकडे रात्रीच्या गाडीने जात नाही. सकाळची मांडवी घेतो. ती दुपारी जेवणाच्या सुमाराला चिपळूणला पोचते. एक रजा जाते खरी. पण मामा आता सत्तरीला आला आहे. स्कूटर चालवू नको म्हटलं तरी ऐकत नाही, स्टेशनवर येतोच. निदान उन्हात येतो.

(पुढील लेखांकात : रात्रीच्या गाडीतलं जेवण. घरचा डबा, पॅन्ट्री की स्टेशनवर मागवलेलं?)