‘लाइव्ह’ डीव्हीडीत लाइव्ह किती?

‘डेस्टिनीज चाइल्ड’ म्हटलं की आता बहुतेकांना एवढंच आठवतं, की हा बियॉन्सेचा जुना ग्रुप. पण ‘लाइव्ह इन अटलांटा’ ही त्यांची डीव्हीडी बघितली की पटतं, हा एकटीचा खेळ नव्हता. बियॉन्से, केली रोलंड आणि मिशेल विल्यम्स या तिघींचा हा कार्यक्रम अटलांटाच्या फिलिप्स अरेनामध्ये १५ जुलै २००५ ला झाला आणि डीव्हीडी २००६ मध्ये आली. त्याच दौऱ्यात, जूनमध्ये बार्सिलोनाला, त्यांनी ग्रुप थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे पडद्यावर आपण बघतो तो निरोपाचा कार्यक्रम.

आता प्रश्न असा, की यातलं ‘लाइव्ह’ किती? अशा कार्यक्रमाला एक कॅमेरा कधीच पुरत नाही. काही कॅमेरे लांबून अख्खं स्टेज धरतात, काही चेहऱ्यांवर असतात, एखादा प्रेक्षकांवर. प्रत्येक माइकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर साठवतात. टाळ्या-शिट्ट्यांसाठी माइक वेगळे. मग एडिटिंगच्या टेबलावर कुठला आवाज पुढे, कुठला मागे हे ठरतं. अनेक लाइव्ह रेकॉर्डिंगांत बिघडलेली एखादी ओळ नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन बसवतात. त्यामुळे सभागृहातल्या माणसाने ऐकलं तेच आपण ऐकतो असं नाही.

याला फसवणूक म्हणायचं का? मला नाही वाटत. सभागृहात बसून आपण आपल्याला हवं तिकडे बघतो. डीव्हीडीत आपल्यासाठी दुसरं कोणी बघत असतं. म्हणून मुलींच्या ग्रुपची डीव्हीडी बघताना मी एक गोष्ट मुद्दाम तपासते: जी मुख्य ओळ गात नाहीये, ती काय करतेय? खालचा सूर कोण धरतंय, श्वास कुणाला लागलाय, कोण कुणाकडे बघून ठेका पकडतंय? कॅमेरा हे टिपतो तेव्हा ग्रुप दिसतो. नुसत्या स्टारवर राहिला, तर बाकीच्या झालरीसारख्या मागे. ‘अटलांटा’मध्ये तिघींना एकेकटीची गाणीही आहेत. त्याने तिघींचे स्वभाव वेगळे कळतात, आणि बाकीच्या दोघींना कपडे बदलायला वेळही मिळतो!

आपल्याकडे २००२ मध्ये चॅनल व्हीच्या ‘पॉपस्टार्स’मधून पाच मुलींचा ‘व्हिवा’ निवडला गेला. नेहा भसीन, अनुष्का मनचंदा त्यातल्याच. पण माझ्या ओळखीचा सगळ्यात जुना ‘गर्ल ग्रुप’ म्हणजे अकोट्यातलं आमच्या आईचं भजनी मंडळ. हसू नका. सात बायका, एक पेटी, टाळ, आणि गणपतीत दरवर्षी कार्यक्रम. एका वर्षी कुणीतरी एका कॅमेऱ्याने शूटिंग करून सगळ्यांना डीव्हीडी वाटली. त्यात ज्या मावशी खर्जात गायच्या, त्या आता नाहीत. त्यांचा आवाज फक्त त्या चकतीवर.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायलाच हवी. दुकानात मिळणारी डीव्हीडी कारखान्यात साच्याने दाबून बनते. तिच्यातली माहिती म्हणजे प्लास्टिकमध्ये उठलेले बारीक खड्डे. घरी ‘बर्न’ केलेल्या डीव्हीडीत खड्डे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो. लेझरने त्यावर खुणा होतात. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो रंग उतरत जातो आणि एक दिवस चकती वाचलीच जात नाही. म्हणजे अटलांटाच्या तिघी टिकतील, जगभर त्यांच्या प्रती आहेत. आमच्या सात जणींच्या सातच प्रती, आणि त्याही कच्च्या.

अकोटा हे नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते इथे सापडलेल्या जैन ब्राँझ मूर्तींमुळे. त्यातल्या सगळ्यात जुन्या सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. बडोद्याच्या म्युझियममध्ये आजही बघता येतात. आवाजाला असं धातूचं अंग नसतं. त्याची प्रत काढत राहणं हाच एक उपाय.

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत घरातलं कपाट उघडा. लग्न, मुंज, गॅदरिंग, भजन, जे काही चकत्यांवर असेल ते डीव्हीडी ड्राइव्ह मिळतोय तोवर काँप्युटरवर उतरवा, दोन ठिकाणी ठेवा. आणि फाइलच्या नावात वर्ष आणि गाणाऱ्या सगळ्यांची नावं लिहा. मागच्या रांगेतल्यांचीसुद्धा.