दमवलं की कुत्रा शांत होतो?

कुत्रा घरात टिकू देत नाही, सोफ्यावर उड्या मारतो, पायपुसणं पळवतो, बेल वाजली की थयथयाट करतो, अशी तक्रार कुठेही करा, उत्तर ठरलेलं असतं: "दमवा हो त्याला! तासभर बॉल टाका, गपगार पडेल." सोसायटीच्या बागेत, दवाखान्याच्या बाकावर, नातेवाइकांच्या ग्रुपवर हाच सल्ला फिरत असतो. हेतू चांगला, पण सल्ला अर्धवट. तरी तो टिकून आहे, कारण त्या दिवशी कुत्रा खरोखरच झोपतो!

पुढचं कुणी सांगत नाही. पोलीस भरतीसाठी रोज ग्राउंड मारणाऱ्या पोराचा दम वाढतो, तसाच कुत्र्याचाही वाढतो. पहिल्या आठवड्यात तासाभराने आडवा होणारा लॅब्राडोर दोन-तीन महिन्यांनी तासाभरानंतर कुठे रंगात येतो. मग सव्वा तास, मग दीड तास. दमतो तो मालक. शेवटी "आमचा फार हायपर आहे" असा शिक्का कुत्र्याच्याच कपाळी. अहो, त्याला पैलवान तुम्हीच केलात!

बरं, बॉलमागे धावणं म्हणजे कुत्र्याच्या लेखी शिकारच. प्रत्येक फेकीला तो नव्याने पेटतो. बॉल खिशात गेला म्हणून अंगात चढलेली उत्तेजना लगेच उतरत नाही, म्हणूनच घरी आल्यावर तो धापा टाकत कुणाच्या तरी पायजम्याला लोंबकळतो. वाढत्या वयाच्या पिल्लाच्या सांध्यांना पुन्हापुन्हा उड्या आणि झटक्यात थांबणं सोसत नाही. मे महिन्यात भर दुपारी पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला पळवणं तर थेट उष्माघाताला आमंत्रण.

याचा अर्थ फिरवू नका असा नाही. बीगल, लॅब्राडोर, हस्की या जाती मुळात कामासाठीच तयार केलेल्या आहेत. त्यांना दोन वेळचं फिरणं हवंच. पण "कुत्रा म्हटलं की तासभर पळवायचा" हा हिशेब सगळ्यांना लागू नाही. सोलापूर-लातूरकडचा कारवान सशामागे वाऱ्यासारखा सुटतो, आणि एरवी घरात निवांत पसरलेला असतो.

मग करायचं काय? पाय कमी, नाक जास्त. फिरताना पट्टा सैल सोडा आणि प्रत्येक खांब, प्रत्येक झुडूप त्याला हवं तितकं हुंगू द्या. "चल रे, किती वास घेतोस" म्हणून ओढायचं नाही. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाचेक वेळा श्वास आतबाहेर करतो आणि त्याचा मेंदू कामाला लागतो. द्युरांतों आणि होरोविट्झ या संशोधिकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही कुत्र्यांना दोन आठवडे वासाचे खेळ दिले, तर काहींना मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव. वासाचे खेळ खेळलेले कुत्रे नंतरच्या चाचणीत जास्त आशावादी निघाले.

घरी हे फुकटात जमतं. जुना टॉवेल जमिनीवर पसरा, त्यावर त्याच्या रोजच्या खाण्यातले दाणे किंवा भाकरीचे बारीक तुकडे विखरा आणि सैलसर गुंडाळी करा. (कांदा-लसूण लागलेलं काही नको, ते कुत्र्याला विषारी.) पहिल्या दिवशी तो टॉवेल तोंडात धरून झटकेल. झटकू द्या, बोलू नका. थोड्या वेळाने नाक घडीत खुपसून उलगडायला शिकेल. जमलं की गुंडाळी घट्ट करा. खाणं झाल्यावर तो आपल्या जागी पडला, की आवाज न करता एक तुकडा त्याच्या पंजांमध्ये ठेवा. शांत बसल्याचंही काही मिळतं, हे त्याला असंच कळतं. आपण नेमके उलटे वागतो: तो गप्प असताना ढुंकून बघत नाही आणि धिंगाणा घातला की सगळं घर त्याच्याभोवती गोळा.

आणि झोप! लहान पिल्लं दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतात. संध्याकाळी पिल्लू चावत सुटलं, तर बहुतेक वेळा ते आधीच अतिथकलेलं असतं. त्याला पुन्हा खाली नेऊन दमवणं म्हणजे कहरच. दिवा मंद करा, पाहुण्यांना आवरा, झोपू द्या.

आता बाकीचे गैरसमज.

"मालक कोण ते दाखवा, उताणा पाडून धरा." या सल्ल्यामागची 'अल्फा', म्हणजे कळपावर दादागिरी करणाऱ्या, लांडग्याची कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आली, ती १९७० च्या पुस्तकातून पसरवणाऱ्या संशोधक डेव्हिड मीच यांनीच पुढे खोडून काढली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९ च्या पाहणीत, कुत्र्याला असं उताणं पाडणाऱ्या सुमारे ३१ टक्के मालकांनी तो उलट अंगावर आल्याचं सांगितलं.

"ओरडलं की कळतं." त्याला एवढंच कळतं की लक्ष वेधून घ्यायची युक्ती लागू पडली.

"मटण दिलं की चवताळतो." मटणाने स्वभाव बिघडत नाही.

"नसबंदी केली की थंड होईल." भटकणं, जागोजागी मुतणं कमी होऊ शकतं, मस्ती नाही.

"अर्धी झोपेची गोळी द्या." माणसांची गोळी अंदाजाने देणं जिवावर बेतू शकतं.

"एकटा ठेवला की आपोआप शहाणा होतो." फिनलंडमध्ये ११ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या २०२१ च्या अभ्यासात घरी जास्त वेळ एकटे राहणारेच अधिक चंचल आढळले.

खरीखुरी अतिचंचलता हा आजार कुत्र्यांत असतो, पण विरळा, आणि त्याचं निदान पशुवैद्यकाने करायचं, शेजाऱ्याने नव्हे. कालपर्यंत शांत असलेला कुत्रा एकाएकी अस्वस्थ झाला, तर आधी कान, कातडी आणि पोट तपासून घ्या. दुखणाऱ्या कानावर बॉल हा इलाज नाही.