आधी श्रवण

नवविधा भक्तीच्या क्रमात श्रवण पहिले येते, कीर्तन त्यानंतर. समर्थांनीही ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकाचा आरंभ श्रवणभक्तीनेच केला आहे. वर्गात आम्ही हा क्रम वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्याचा अर्थ मात्र आम्हांस फार उशिरा उमगला.

आपल्या माळव्यातलेच उदाहरण घेऊ. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या व्याधीमुळे कोरड्या हवेसाठी देवासला आले. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली. बालपणापासून मैफली गाजविणाऱ्या या गायकाच्या वाट्याला काही वर्षांचे मौन आले. गळा बंद होता, पण कान उघडे होते. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी येत. ती गीते पिढ्यान्‌पिढ्या येथे गायिली जात होती. आपण सर्वांनीच ती ऐकली होती. कुमारजींनी मात्र त्या धुनांत दडलेले राग ऐकले. त्यांतूनच त्यांचे ‘धुनउगम’ राग जन्मास आले आणि १९६५ साली ‘अनूपरागविलास’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एक फुप्फुस निकामी होऊनही ते पुन्हा गाऊ लागले, आणि त्या गाण्यात माळव्याची माती होती.

आता आमची गोष्ट. मागच्या बाकावरील एक मुलगा हाक मारली तरी ओ देत नसे. आम्ही त्याला उद्धट ठरविले; दोनदा वर्गाबाहेरही उभे केले. एके दिवशी त्याची आई आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “सर, त्याचे कान वाहतात. लांबचं ऐकू येत नाही. मुलं हसतील म्हणून तो कुणाला सांगत नाही.”

आम्ही खाली पाहिले. ‘लक्ष देऊन ऐका’ असे दिवसातून दहादा बजावणाऱ्या आम्ही त्या मुलाला एकदाही जवळ बोलावून विचारले नव्हते. मुलावर उपचार सुरू झाले, तो पहिल्या बाकावर आला आणि महिनाभरात प्रश्नही विचारू लागला. तेव्हापासून हजेरी झाल्यावर पाच मिनिटे आम्ही बोलत नाही, मुले बोलतात.

वाचकहो, आज सायंकाळी घरातील एखादे मूल काही सांगावयास आले, तर हे पान खुशाल मिटावे आणि त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.