विश्लेषण : संसार मोडताना मध्ये बसणारा समुपदेशक शिकतो कुठे?

कांजूरमार्गच्या जोडप्याने घटस्फोटाचा अर्ज केला, तर त्यांना वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालय गाठावे लागते. तिथे बाजू मनमोकळेपणाने ऐकून घेणारी पहिली व्यक्ती बहुधा न्यायाधीश नसते, विवाह समुपदेशक असते. त्या खोलीतल्या तासाभराच्या बोलण्यावर मुलाचा ताबा, पोटगी आणि कधी कधी जिवाची सुरक्षितताही अवलंबून असते. या कामासाठी कोणते शिक्षण लागते आणि ते पुरेसे आहे का?

न्यायालयात समुपदेशक कशासाठी?

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचा भर खटला जिंकण्या-हरण्यापेक्षा तोडग्यावर आहे. कलम ९ नुसार प्रकरणाचे स्वरूप पाहून शक्य तिथे तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, तर कलम ६ मध्ये समुपदेशकांच्या नेमणुकीची तरतूद आहे. वकिलामार्फत बाजू मांडणे हा इथे पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे समुपदेशकाचे महत्त्व वाढते. मुंबईत हे न्यायालय १९८९ मध्ये सुरू झाले.

पात्रता काय?

महाराष्ट्राच्या नियमांनुसार समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी (एमएसडब्ल्यू) आणि कौटुंबिक समुपदेशनाचा किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक आहे. मुंबईत या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये समाजकार्याची पदव्युत्तर शाळा म्हणूनच सुरू झाली, तर निर्मला निकेतन महाविद्यालय १९५५ पासून हे शिक्षण देते. वर्गाबरोबरच वस्ती, रुग्णालय, पोलीस ठाणे अशा ठिकाणचे क्षेत्रकार्य हा या अभ्यासक्रमांचा कणा असतो.

मग कमी कुठे पडते?

समाजकार्याची पदवी व्यापक असते. विभक्त होणाऱ्या कुटुंबासोबत काम करताना कायदा, बालमानस, पैशाचे व्यवहार आणि हिंसेची लक्षणे या चारही गोष्टी एकाच वेळी कळाव्या लागतात. दुसरीकडे, न्यायालयीन मध्यस्थांमध्ये वकील आणि निवृत्त न्यायाधीशांचा भरणा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीने त्यांच्यासाठी ४० तासांचे प्रशिक्षण ठरवले आहे. एकाला कुटुंब कळते, दुसऱ्याला कायदा. दोन्ही शिकवणारे पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम, ही खरी गरज आहे.

समेट हेच यश का?

नाही, आणि प्रशिक्षणातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. भांडण आणि मारहाण यांत फरक आहे. भांडणात दोघांना समोरासमोर बसवता येते. मारहाणीत नवऱ्यासमोर बसलेली बाई घाबरून ‘काही तक्रार नाही’ म्हणू शकते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या २००६ च्या नियमांनुसार समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचे समर्थन करता येत नाही आणि पीडितेची इच्छा असेल तरच तडजोडीकडे वळता येते. टाटा संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही याच जाणिवेतून उभा राहिला.

मुलांचे काय?

‘तुला आई हवी की बाबा?’ हा प्रश्न मुलावर ओझे टाकतो. त्याची झोप, शाळा, भेटीनंतरचे वागणे यांतून त्याचे म्हणणे समजून घेणे हे कौशल्य आहे. न्यायालय समुपदेशकाकडून घरची परिस्थिती आणि मुलाचे पालकांशी असलेले नाते यांवर अहवाल मागवू शकते. २०१५ मध्ये विधी आयोगाने २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. ती अमलात आणायची तर पालकांना वेगळे राहूनही एकत्र निर्णय घ्यायला शिकवणारे लोक हवेत.

इतरत्र काय पद्धत आहे?

ऑस्ट्रेलियात २००६ च्या सुधारणांनंतर मुलांसंबंधीच्या वादात न्यायालयात जाण्याआधी सहसा कौटुंबिक तंटा निवारणाचा प्रयत्न करावा लागतो. हिंसाचाराच्या प्रकरणांना त्यातून सूट आहे. हे काम करणाऱ्यांना सरकारी मान्यता घ्यावी लागते आणि त्यासाठी या विषयातील स्वतंत्र पदव्युत्तर पदविका आहे.

कुटुंबांनी काय पाहावे?

न्यायालयाबाहेर ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावू शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. म्हणून पहिल्याच भेटीत शिक्षण, अनुभव आणि गोपनीयतेबद्दल विचारावे. दोघांशी स्वतंत्रपणे बोलणार का, हेही विचारावे. घरात मारहाण होत असेल, तर एकत्र बसण्यास नकार देता येतो. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जुळवून घ्या, असे सांगायला नातेवाईक असतातच. कधी जुळवायचे नाही, हे ओळखायलाच शिक्षण लागते.