शेतकरी कुटुंबातील नैराश्य : कारणे आणि जोखीम

नैराश्य हा मनाचा कमकुवतपणा नसून निदान व उपचार होऊ शकणारा आजार आहे. सततची उदासी, कामातील रस जाणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, स्वतःला दोषी मानणे, जगणे निरर्थक वाटणे यांपैकी अनेक लक्षणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकल्यास वैद्यकीय सल्ला आवश्यक ठरतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील सुमारे २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेले आढळते.

कारणे

नैराश्याला सहसा एकच कारण नसते. आनुवंशिकता, दीर्घकालीन आजार, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, मद्यपान आणि एकटेपणा यांचा परिणाम एकत्रितपणे होतो. शेतीत त्यात पाऊस, बाजारभाव व कर्जफेड यांची भर पडते. कष्टाची पराकाष्ठा करूनही या गोष्टी शेतकऱ्याच्या हाती नसतात.

कीटकनाशकांशी येणारा संपर्क हा दुर्लक्षित घटक होय. क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील रसायने किडीच्या चेतासंस्थेतील ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराचे कार्य रोखतात. हेच विकर मानवी चेतासंस्थेतही असते. अमेरिकेतील आयोवा व नॉर्थ कॅरोलिना राज्यांत १९९३ पासून सुरू असलेल्या कृषी आरोग्य अभ्यासात, पूर्वी विषबाधा झालेल्या फवारणी करणाऱ्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण अधिक आढळले. विषबाधा हेच नैराश्याचे कारण, असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र फवारणीतील दक्षतेचे महत्त्व त्यामुळे वाढते.

अधिक जोखीम कोणाला?

• स्त्रिया, विशेषतः गरोदर व नुकत्याच प्रसूत झालेल्या. शेतकाम व घरकाम असा दुहेरी भार वाहताना त्यांचा आजार ‘थकवा’ म्हणून दुर्लक्षिला जातो.
• बटाईने किंवा खंडाने जमीन कसणारे. सातबारावर नाव नसल्याने बँकेचे कर्ज व नुकसानभरपाई मिळण्यात त्यांना अडचणी येतात.
• संरक्षक साधनांविना फवारणी करणारे मजूर.
• एकटे राहणारे वृद्ध, तसेच पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या व्यक्ती.

काय करावे?

फवारणी करताना हातमोजे, मुखपट्टी व पूर्ण कपडे वापरावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. कीटकनाशके राहत्या घराबाहेर कुलूपबंद ठेवावीत. घरातील व्यक्ती खचलेली असल्यास किल्ली दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे असावी; संकटाचा क्षण टळल्याने जीव वाचू शकतो.

जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे आपुलकीने थेट विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. नैराश्यावरील औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, म्हणून ती परस्पर बंद करू नयेत. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत समुपदेशन मिळते. जिल्हा रुग्णालयातही उपचारांची चौकशी करावी.