जागा नाही? भिंतीकडे बघा!

तुमच्या घरात दिवसातून सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? एक तर 'जेवायला काय आहे?' नाही तर 'माझी कंपासपेटी कुठाय?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्वयंपाकघरातून लगेच येतं. दुसऱ्याचं मात्र येत नाही. मग सुरू होते शोधाशोध, आदळआपट, धाकट्या भावंडावर आरोप. आणि शेवटी आईचं ठरलेलं वाक्य, 'जिथे टाकलीस तिथेच असेल!'

आईचं बरोबरच असतं. ज्या वस्तूला ठरलेली जागा नाही, ती रोज नव्या ठिकाणी मुक्काम करते. आज पलंगावर, उद्या टीव्हीच्या मागे, परवा चक्क भाजीच्या पिशवीत!

तुम्ही म्हणाल, 'पण आमचं घरच एवढंसं! जागा आणायची कुठून?' थांबा. तुमच्याहून कमी जागेत ज्यांनी संसार केले, त्यांच्याकडे आधी एक चक्कर मारून येऊ.

एक खोली, सात माणसं

मुंबईत वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे १९२० च्या दशकात सरकारने चाळी बांधल्या. त्या वेळच्या 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' या खात्यावरून त्यांना बीडीडी चाळी म्हणतात. त्यातली एकेक खोली साधारण १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आई-वडील, आजी, तीन भावंडं आणि गावाहून नोकरी शोधायला आलेला काका असे सगळे मावायचे. आता या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि २०२५ पासून काही कुटुंबं ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांत जाऊ लागली आहेत. पण त्याआधीच्या तीन-चार पिढ्यांनी त्या एका खोलीत स्वयंपाक केला, लग्नं ठरवली, मुलांना शिकवलं.

कसं जमलं असेल? तर अंथरुणं सकाळी गुंडाळून वळकटी व्हायची आणि जमीन मोकळी व्हायची. पलंगाच्या पायांखाली विटा ठेवून तो उंच केला, की खाली ट्रंका सरकवता यायच्या. भांडी मांडणीवर, मांडणी भिंतीवर. कपडे वर बांधलेल्या दांडीवर. आणि रोज न लागणारं सगळं माळ्यावर.

आता एक छोटंसं गणित करा. समजा खोली १० फूट रुंद, १६ फूट लांब आणि १० फूट उंच आहे. जमीन किती? १६० चौरस फूट. आणि चारही भिंती मिळून? ५२० चौरस फूट! दारं-खिडक्यांचे ७० वजा केले तरी ४५० उरतात, म्हणजे जमिनीच्या पावणेतीनपटीहून जास्त. आपण मात्र सगळा पसारा जमिनीवर मांडतो आणि जागा नाही म्हणून रडतो!

पणजीच्या घरातले चार गुरू

गावाकडच्या जुन्या घरात प्लॅस्टिकचे डबे नव्हते, भिंतीतली कपाटंही थोडीच. तरी वर्षभराचं धान्य नीट राहायचं. ती युक्ती चार वस्तूंत दडलेली आहे.

पहिली उतरंड. मडकी एकावर एक रचलेली. सर्वांत मोठं खाली आणि वर लहान-लहान होत गेलेली. एका मडक्याच्या जागेत पाच-सहा मडकी! शिकायचं काय? जड ते खाली, हलकं ते वर. आणि एक सावधगिरीही: खालचं काढायला वरची सगळी उतरवावी लागतात. म्हणून तळाला तेच ठेवायचं, जे क्वचित लागतं.

दुसरं शिंकं. दूध, दही, लोणी आढ्याला टांगलेलं. मांजरीची उडी पोचत नाही, मुंग्यांना वाट सापडायला वेळ लागतो आणि चारही बाजूंनी वारा मिळतो. आजही कांद्यासाठी टांगती टोपली उत्तम. बटाटे मात्र वेगळे, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा. उजेडात बटाटा हिरवा आणि कडू होतो, आणि असा हिरवा भाग खाणं चांगलं नव्हे.

तिसरी घडवंची. लाकडी पायांची ही घोडी ट्रंका आणि अंथरुणं जमिनीपासून वर उचलून धरायची. कारण पावसाळ्यात जमिनीची ओल सामानात चढते. पुस्तकांचा गठ्ठा थेट फरशीवर ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, बरं का!

आणि चौथा माझा सगळ्यात लाडका, मिसळणाचा डबा! मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट सगळं एकाच गोल डब्यात. फोडणी करताना तेल तापलेलं असतं, तेव्हा आई पाच डबे शोधत बसली तर फोडणी जळेल. म्हणजे जे एकत्र लागतं, ते एकत्र राहायला हवं.

पुण्यात गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर बघा. दिनकर केळकर यांनी आपल्या लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभं केलं. तिथे दिवे, अडकित्ते, पेट्या, डबे, भांडी अशा घरगुती वस्तू बघून थक्क व्हाल. साधा कुंकवाचा करंडासुद्धा किती देखणा! सोय आणि सौंदर्य यांचं भांडण नसतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

आता हात चालवा

अभ्यासाचा मिसळणाचा डबा: मूठ असलेली एक टोपली किंवा बुटांचं भक्कम खोकं घ्या. आत आगपेटीच्या, साबणाच्या रिकाम्या खोक्यांचे कप्पे करा. पेनं, पेन्सिली, खोडरबर, टोकयंत्र, पट्टी, डिंक, कात्री सगळं त्यात. ज्यांच्याकडे अभ्यासाचं टेबल नाही, त्यांना तर हा डबा हवाच. कधी खिडकीत, कधी गॅलरीत, कधी ओट्याच्या कोपऱ्यावर, डबा ठेवलात की झाला तुमचा अभ्यास सुरू!

खिशांचा पडदा: जुन्या जीन्सचे खिसे कापा, मागचं कापड खिशासोबतच ठेवा. जुन्या चादरीच्या तुकड्यावर ते तीन रांगांत शिवा. वरच्या काठाला नेफा करून त्यात काठी घाला आणि दोरीने दारामागे टांगा. कंगवा, चाव्या, मोजे, चार्जर, बिलं, सगळ्यांना स्वतंत्र खिसा. भाड्याच्या घरात खिळे ठोकता येत नसतील, तर हा पडदा दाराच्या कडीला अडकवा.

गोधडीचा लोड: पावसाळा-हिवाळ्यात लागणाऱ्या गोधड्या बाकीचे महिने कपाट अडवून बसतात. त्यांची घट्ट गुंडाळी करा, जुन्या साडीचा अभ्रा शिवा आणि त्यात भरा. झाला टेकायला लोड! पाहुणे विचारतील, 'कुठून आणलात हो?' गोधडी भरण्याआधी उन्हात खडखडीत वाळवायला विसरू नका.

सावल्यांची फळी: एका फळीवर हातोडी, पक्कड, पेचकस, कात्री मांडा आणि प्रत्येकीभोवती रंगाने रेघ ओढा. मग त्याच जागी खिळे ठोकून वस्तू अडकवा. एखादी वस्तू परत आली नाही, तर तिची रिकामी सावली लगेच चुगली करते! अनेक कारखान्यांत ही युक्ती वापरतात. अमेरिकेतल्या ज्युलिया चाइल्ड या नामवंत पाककलातज्ज्ञ. त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांचे पती पॉल यांनी भिंतीवरच्या फळीवर पातेल्यांच्या अशाच आकृत्या काढल्या होत्या. ते अख्खं स्वयंपाकघर आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

भिंतीत खिळा ठोकताना मात्र घरातल्या मोठ्यांना बरोबर घ्या. आतून विजेची तार गेलेली असू शकते.

कुठे काय?

भिंतीचे मनातल्या मनात तीन मजले करा. गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचा मधला मजला रोजच्या वस्तूंचा. गुडघ्याखालचा जड वस्तूंचा. डोक्यावरचा मजला हलक्या आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूंचा: चकलीचा सोऱ्या, आकाशकंदील, गणपतीच्या मखराचं सामान. वर ठेवलेल्या प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहा. नाही तर एका सोऱ्यासाठी सहा खोकी उतरवावी लागतात.

आता प्रश्न असा, की खांदा कुणाचा? बाबांचा की आजीचा? इथेच खरी गोम आहे. आजीची औषधं, चष्मा, पांघरूण बाबांच्या खांद्याइतक्या उंच फळीवर ठेवलं, तर तिला प्रत्येक वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते. नाही तर ती स्टुलावर चढते. म्हातारपणी स्टुलावरून पडणं म्हणजे हाड मोडणं, कित्येक महिने अंथरुणाला खिळणं. फळी दोन फूट खाली आणली तर हे सगळं टळतं. आणि आजीला दर वेळी कुणाची वाट बघावी लागत नाही, हे तर आणखी मोठं.

याच्या अगदी उलट नियम घरातल्या तान्ह्या पाहुण्यांसाठी. फिनेल, ॲसिड, रॉकेल, डांबराच्या गोळ्या आणि औषधं यांची जागा उंच आणि कुलूपबंद हवी. आणि एक गोष्ट काळ्या दगडावरची रेघ समजा: फिनेल किंवा रॉकेल सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरायचं नाही. दोन वर्षांच्या मुलाला अक्षरं वाचता येत नाहीत, त्याला फक्त बाटली ओळखता येते. अशा एका घोटाने जिवावर बेतू शकतं. तुमच्या घरात अशी बाटली असेल, तर आज रात्री झोपण्याआधी घरातल्या मोठ्यांना दाखवा. उंच कपाट किंवा मांडणी हलत असेल, तर ती भिंतीला पक्की करायला सांगा. लहान मुलं खणांची पायरी करून चढतात आणि कपाट अंगावर येतं. रद्दीचा गठ्ठा आणि पडदे गॅसच्या शेगडीपासून लांब हवेत, हे तर सांगायला नकोच.

टाकण्याआधी विचारा

सामान लावायला बसलात, की पहिल्या अर्ध्या तासात एक जोश येतो. 'हे टाकू, तेही टाकू!' जरा दमानं. स्वतःचं सामान खुशाल निवडा. फुटकी पट्टी, वाळलेली स्केचपेनं, तोकडे झालेले कपडे बाजूला काढा. चांगले कपडे धुऊन कुणाला तरी द्या. पण आजीच्या ट्रंकेला तिच्या परवानगीवाचून हात लावायचा नाही. तुम्हाला जो गंजका डबा वाटतो, तो कदाचित तिच्या आईने तिला सासरी पाठवताना लाडवांनी भरून दिलेला असेल. तिच्या शेजारी बसा आणि एकेक वस्तू काढून विचारा, 'हे कुणाचं गं?' ट्रंक अर्धी रिकामी होईल की नाही, सांगता येत नाही. पण गोष्टी भरपूर मिळतील.

आणि हो, मुलग्यांनो, हे वाचून 'ताई, तुझ्या कामाचं आहे' म्हणत अंक पुढे सरकवू नका! घर सगळ्यांचं, पसारा सगळ्यांचा, मग आवरणंही सगळ्यांचंच.

चला तर मग, या रविवारी अख्खं घर नको, फक्त एक खण किंवा एक फळी घ्या. सगळं बाहेर काढा, फळी पुसा, एकत्र लागणाऱ्या वस्तू एकत्र करा आणि प्रत्येकीला जागा द्या. मग आठ दिवस एकच नियम पाळा: घेतलेली वस्तू परत तिथेच. पुढच्या रविवारी ती फळी तशीच राहिली असेल, तर दुसरी फळी हातात घ्यायला हरकत नाही. राहिली नसेल, तर जागा चुकली असं समजा आणि बदलून बघा.